वाचकांचे प्रश्न : चिनी घरातला अभ्यास

गेल्या अंकात चिनी कुटुंबांत शिक्षणाला मिळणाऱ्या मानाबद्दल एक टिपण छापलं होतं. चिनी माणूस पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवतो आणि हे वळण प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसपासूनचं आहे, असा त्याचा सूर होता. त्यावर ठाणे-कळव्यापासून खारघरपर्यंतच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले आठ इथे घेतले आहेत. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

स्पर्धा परीक्षा ही मुळात चीनची कल्पना, असं आमच्या अभ्यासिकेत कुणीतरी म्हणालं. खरं का? त्या परीक्षेला अभ्यासक्रम काय असायचा?
— राज्यसेवेची तयारी करणारी विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

खरं आहे, फक्त वाट जरा वळणाची आहे. लेखी परीक्षा घेऊन अधिकारी नेमायची पद्धत चीनमध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वी घराण्याच्या काळात रुजली. सोंग घराण्याने (९६० ते १२७९) ती खऱ्या अर्थाने वाढवली आणि १९०५ मध्ये ती बंद झाली. म्हणजे मधले खंड धरूनही जवळजवळ तेराशे वर्षं. ब्रिटनमध्ये १८५४ चा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल आला. वशिल्याऐवजी परीक्षेने नोकऱ्या द्याव्यात असं त्यात सुचवलं होतं. त्या वादात समर्थक आणि विरोधक दोघंही चीनचा दाखला देत होते. विरोधक अर्थातच नाक मुरडून. १८५५ मध्ये हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्यांसाठी लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ज्यांच्या नावाने ठाणे महापालिकेची प्रशिक्षण संस्था चालते ते चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये याच परीक्षेत पहिले आले.

आता चिनी परीक्षेची रचना. मिंग आणि छिंग राजवटींत (१३६८ ते १९१२) तिच्या मुख्य पायऱ्या अशा होत्या : आधी तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या चाचण्या, त्यातून ‘श्यौत्साय’ ही पदवी, मग दर तीन वर्षांनी प्रांताच्या राजधानीत शरद ऋतूतली परीक्षा, त्यातून ‘च्यूरन’, पुढच्या वसंतात बीजिंगची परीक्षा आणि शेवटी सम्राटाच्या नावाने राजवाड्यात होणारी, त्यातून ‘चिनश’. या शेवटच्या फेरीत कुणाला नापास करत नसत, फक्त क्रम लावत. पहिला आलेला तो ‘च्वांगयुआन’. आजही चीनमध्ये प्रांतात पहिल्या आलेल्या मुलाला लोक हाच शब्द वापरतात.

अभ्यासक्रम म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतली ‘चार पुस्तकं आणि पाच ग्रंथ’. दोन्ही मिळून सुमारे चार लाख अक्षरं, आणि ती तोंडपाठ. १३१३ च्या फर्मानाने चू शी या पंडिताचं भाष्य प्रमाण ठरलं, त्यामुळे मूळ वचनासोबत भाष्यही डोक्यात हवं. परीक्षक मूळ ग्रंथातलं एखादं वाक्य, कधी अर्धंच वाक्य द्यायचा. ते कुठलं हे ओळखून ‘आठ पायांचा निबंध’ लिहायचा. पहिल्या दोन वाक्यांत विषय फोडायचा, पुढे ठरलेल्या टप्प्यांनी जायचं, आणि मधले आठ भाग जोडीजोडीने असे रचायचे की एका ओळीतल्या शब्दासमोर दुसऱ्या ओळीत त्याच जातीचा शब्द यावा.

परीक्षेची जागा पाहायची असेल तर नानजिंगला तिचा काही भाग संग्रहालय म्हणून राखला आहे. तिथे वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. प्रत्येकीत दोन फळ्या : दिवसा वरची फळी मेज आणि खालची बैठक, रात्री दोन्ही एका पातळीला लावल्या की पलंग, तोही पाय पोटाशी घेऊन झोपण्याइतकाच. दार नाही. प्रांतिक परीक्षा तीन फेऱ्यांची आणि प्रत्येक फेरी तीन दिवस, दोन रात्रींची. अंथरूण, खाणं आणि समोर लावायचा पडदा उमेदवारानेच आणायचा. पाऊस आला आणि उत्तरपत्रिका भिजली किंवा डागाळली, की ती बाद आणि पुढची तीन वर्षं वाया.

ओळखीपाळखीला आळा घालायची पद्धत आपल्या बारकोडच्या वरताण होती. उत्तरपत्रिकेवरचं नाव चिकटवून झाकत, शिवाय अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून सगळी पत्रिका लाल शाईने नकलून काढत. परीक्षकासमोर जायची ती लाल प्रत. उमेदवाराच्या हातची काळी प्रत बाजूला ठेवलेली असे. नक्कल ताडून पाहणारे आणखी वेगळे. तरी चोरवाटा होत्याच. मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून काढलेली अस्तरं आणि बंड्या आजही संग्रहालयांत आहेत.

आरक्षणाचा वाद तुम्हाला ओळखीचा वाटेल. १३९७ मध्ये निकाल लागला तेव्हा उत्तीर्ण झालेले सगळे दक्षिणेचे निघाले. उत्तरेकडच्यांनी ओरड केली, फेरतपासणी झाली, सम्राटाने संबंधितांना कठोर शिक्षा दिल्या आणि दुसरी यादी लावली, ती सगळी उत्तरेची. पुढे दक्षिणेला ६० आणि उत्तरेला ४० टक्के असा वाटा ठरवून द्यावा लागला. गुणवत्ता एकटी पुरत नाही आणि प्रदेशाचा वाटा ठरवावाच लागतो, हे तिथल्या दरबाराला सहाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि ही परीक्षा ‘सर्वांना खुली’ होती असं वाचाल, तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्त्रिया पूर्ण बाहेर होत्या. नट, गुलाम अशा ‘हलक्या’ ठरवलेल्या घरांतले पुरुषही बाहेर होते. शेतकऱ्याचा मुलगा बसू शकत होता हे खरं. पण पंधरा-वीस वर्षं त्याला औताला न जुंपता पोसणार कोण? ते काम अनेकदा कुळाची सामायिक जमीन करायची. फान चोंगयान या मंत्र्याने अकराव्या शतकात सूचौला भाऊबंदांसाठी अशी धर्मादाय शेती नेमून दिली. पुढे तिच्या उत्पन्नातून मुलांच्या शाळा आणि परीक्षेचा प्रवासखर्च भागू लागला. शिक्षणाला मान होता तो असा, हिशोबाच्या वहीत लिहिलेला. एक मुलगा अधिकारी झाला की सगळ्या कुळाचा कर, कोर्टकचेरी आणि सोयरीक सुधारत असे.

नापासांचा ढीगही मोठा होता. वारंवार नापास झालेल्या हुंग श्यौछ्वान याने १८५० मध्ये ताइपिंग बंड उभारलं. ते मोडायला १८६४ उजाडलं आणि कोट्यवधी माणसं मेली.

चिनी मुलं गणितात जन्मतःच हुशार असतात का? माझा मुलगा तिसरीत आहे. पाढे घडाघडा म्हणतो, पण मधलंच विचारलं की अडतो आणि ६३ चे ३६ करतो.
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

जन्मतः नाही. त्यांच्या भाषेने त्यांची वाट थोडी सोपी केली आहे आणि शाळेने बाकीची. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा एक’, एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’, त्रेसष्ट म्हणजे ‘सहा दहा तीन’. एक ते दहा एवढे शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत मोजता येतं. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी येतो. तुमच्या मुलाची चूक नेमकी तिथे आहे. ‘एकोणसाठ’ हा दुसरा सापळा. कानाला ‘साठ’ लागतं आणि मूल ६९ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’सोबत ‘पन्नास दोन’ अशी रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. मंगला नारळीकरांनी तिची बाजू मांडली होती, आणि आमच्या मते त्यांचं म्हणणं रास्त होतं.

घरी करायचं ते असं. आइस्क्रीमच्या काड्यांची दहा-दहाची जुडगी बांधा. रोज दहा आकडे, प्रत्येकाची दोन नावं : ‘त्रेसष्ट, म्हणजे सहा दहा तीन’, आणि लगेच सहा जुडगी, तीन सुट्या काड्या मांडायच्या. लिहायचं त्यानंतर. उलटापालट दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला हवी. एकोणतीस, एकोणचाळीस या मंडळींना वेगळा दिवस द्या.

पाढ्यांचं बघा. आपल्या घरांत पाढे तीसपर्यंत, म्हणजे तीनशे ओळी. जुनी माणसं पावकी-निमकीही म्हणायची. चिनी मुलाला दुसरीत फक्त पंचेचाळीस ओळी असतात. लहान आकडा नेहमी आधी, त्यामुळे ‘तीन साते’ आहे आणि ‘सात त्रिक’ नाहीच. एकाच्या पाढ्यात एक ओळ, दोनाच्यात दोन, नवाच्यात नऊ. ‘सान छी अर् श ई’, तीन साते एकवीस, पाच अक्षरांत संपतं. ही ओळ तिथे इतकी अंगवळणी आहे की पुढचामागचा विचार न करता काम उरकणाऱ्याबद्दल बोलताना तीच वापरतात. हा पाढा जुना किती? हुनानमधल्या लीये इथे विहिरीत सापडलेल्या छिन काळातल्या (इ.स.पू. तिसरं शतक) लाकडी पट्टीवर तो ‘नऊ नव्वे एक्याऐंशी’पासून उलटा लिहिलेला आहे आणि शेवटची ओळ आहे ‘दोन अर्धे एक’. निमकी म्हणणाऱ्या आजोबांना ही पट्टी दाखवायला हवी होती!

मुलगा मध्येच अडतो, कारण त्याला पाढ्याची चाल पाठ आहे, उत्तरं नाहीत. पंचेचाळीस चिठ्ठ्या करा, पिशवीत टाका, रोज पंधरा काढा. तीन सेकंदांत उत्तर आलं तर चिठ्ठी डाव्या डब्यात, नाही तर परत पिशवीत. सुरुवातीपासून म्हणत तिथवर पोचला तर ते उत्तर धरू नका. सहा साते, सात आठे, आठ नव्वे याच चिठ्ठ्या सहसा शेवटपर्यंत पिशवीत राहतात.

हुशारीबद्दल एकच सांगतो. ‘मेहनत मंदपणाची भरपाई करते’ अशी चिनी म्हण आहे आणि तिथले पालक ती शब्दशः घेतात. गुण कमी पडले तर ‘याला गणित जमत नाही’ असं सहसा म्हणत नाहीत, ‘सराव कमी पडला’ म्हणतात. शाळेतही पहिलीपासून गणिताला गणिताचाच शिक्षक असतो आणि त्या विषयाचे सगळे शिक्षक दर आठवड्याला बसून पुढचे तास एकत्र आखतात. वर्गात पंचेचाळीस मुलं असूनही निभतं ते बरंचसं यामुळे.

गुरुपौर्णिमेसारखं काही तिथे आहे का?
— निवृत्त शिक्षक, कळवा

तिथीचा सण नाही, पण मान आहे. १९८५ पासून १० सप्टेंबर हा चीनचा शिक्षक दिन. तैवानमध्ये कन्फ्यूशियसचा जन्मदिवस म्हणून २८ सप्टेंबर. जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या जागी एक पाटी असायची, तिच्यावर पाच अक्षरं : आकाश, धरती, राजा, आईबाप, गुरू. ‘एक दिवसाचा गुरू, जन्माचा बाप’ ही म्हण आजही ऐकू येते. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) सुकवलेल्या मांसाची जुडी एवढीच दक्षिणा घेऊन शिकवायला तयार होता, आणि ‘शिकवताना वर्गभेद नाही’ असं त्याचं वचन आहे.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे लिहिलेल्या कागदाची अदब. अक्षर उमटलेला कागद केरात टाकायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. तो गोळा करायला माणसं फिरत, आणि गावात त्यासाठी छोट्या मनोऱ्यासारखी भट्टी असे. तिच्यात कागद जाळून राख नदीत सोडत. तैवानमध्ये अशा भट्ट्या अजून उभ्या आहेत. पुस्तकाला पाय लागला की आपण नमस्कार करतो, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतो, त्याच घराण्यातली ही रीत.

छडीही त्याच घराण्यातली. मुलांना शेकडो वर्षं शिकवलेल्या ‘तीन अक्षरांच्या पाठा’त ओळ आहे : पोसलं पण शिकवलं नाही तर दोष बापाचा, शिकवताना कडक राहिला नाही तर आळस गुरूचा. शाळेतली मारहाण मात्र १९८६ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने बंद झाली.

गाओकाओ म्हणजे आपली बारावी, जेईई आणि सीईटी एकत्र का? आम्ही लातूरहून इथे आलो, मुलाच्या अधिवासाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातले. तिथे परगावच्यांचं काय होतं?
— एक पालक, खारघर

जवळपास तसंच. गाओकाओ ही चीनमधली विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा. ती ७ आणि ८ जूनला, काही प्रांतांत ९-१० पर्यंत चालते. चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा प्रत्येकी १५० गुणांना. नव्या रचनेत पुढे भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांतला एक आणि रसायन, जीवशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र यांतले दोन, प्रत्येकी १००. एकूण ७५०. चिनीचा पेपर अडीच तासांचा आणि त्यात ८०० अक्षरांचा एक निबंध ६० गुणांना. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख २० हजार मुलांनी नाव नोंदवलं होतं. परीक्षेच्या दिवशी केंद्राभोवती बांधकामं थांबवतात, हॉर्न बंद असतात. पंधरा मिनिटं उशीर झाला की फाटक बंद.

या परीक्षेचा दबदबा समजायला १९७७ पाहावं लागतं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत १९६६ पासून ती बंद होती; शहरातली मुलं खेड्यांत शेतावर पाठवली होती. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा झाली तेव्हा सुमारे ५७ लाख बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना जागा मिळाली. अकरा वर्षांत साचलेले विद्यार्थी एकाच बाकावर, काही जण मुलाबाळांचे बाप. ती पिढी आज आजी-आजोबा आहे. नातवाच्या अभ्यासावर त्यांची नजर का असते, ते इथे कळतं.

गुण आल्यानंतरची चूक जास्त महागात पडते. पसंतीक्रम भरताना संगणक जास्त गुणवाल्यापासून एकेकाची यादी वरून खाली तपासतो आणि जिथे बसतो त्या एकाच विद्यापीठाकडे फाईल पाठवतो. तिथे हवी ती शाखा भरलेली असेल आणि ‘दुसरी शाखा चालेल’ या चौकटीत खूण केलेली नसेल, तर फाईल परत येते आणि मुलगा त्या फेरीतून सरळ बाहेर. यादीतलं पुढचं विद्यापीठ मग तपासलं जात नाही. म्हणून जाणती माणसं यादीचे तीन भाग करतात : थोडी आवाक्याबाहेरची, थोडी नेमकी गुणांत बसणारी, थोडी हमखास. आपल्या कॅप फेरीतही मुलं सगळी नावं वरच्याच कॉलेजांची भरतात, तीच चूक.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. ‘हुकौ’ म्हणजे कुटुंबाची नोंद जिथली, तिथूनच साधारणपणे परीक्षेला बसावं लागतं. जागा प्रांतवार वाटलेल्या असतात आणि बीजिंगच्या नामांकित विद्यापीठांत बीजिंगच्या मुलांना तुलनेने जास्त जागा. मजुरीसाठी शहरात आलेल्यांची मुलं तिथेच वाढतात आणि परीक्षेसाठी न पाहिलेल्या गावी परत जातात. २०१२-१३ नंतर बहुतेक प्रांतांनी अटी घालून वाट दिली, पण बीजिंग आणि शांघायच्या अटी सर्वांत कडक. तुम्हाला दाखल्याने वाट मिळाली. तिथे अनेकांना ती मिळत नाही.

खरी गाळणी मात्र आधीच लागते. नववीनंतर ‘चोंगकाओ’ होते. तीत ढोबळमानाने निम्मी मुलं साध्या उच्च माध्यमिक शाळेत जातात, बाकीची धंदेशिक्षणाकडे. चौदा-पंधराव्या वर्षी हा निकाल, त्यामुळे पालकांची खरी झोप तेव्हाच उडते.

चीनने क्लासेस बंद केले म्हणतात. आमचे आठवी-दहावीचे क्लास आहेत. आपल्याकडेही तसं होईल का?
— क्लासचालक, कोपरखैरणे

२४ जुलै २०२१ ला ‘दुहेरी कपात’ नावाचं धोरण आलं. कपात दोन गोष्टींची : गृहपाठाची आणि क्लासची. नववीपर्यंतच्या मुलांना शाळेचे विषय शिकवून नफा कमवायला बंदी. असलेल्या संस्थांनी ना-नफा म्हणून नोंदणी करायची. शनिवार-रविवार, सण आणि सुट्टीत असे वर्ग नाहीत. शेअर बाजारातून भांडवल उभारायचं नाही. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, तिसरी ते सहावी साठ मिनिटं, सातवी ते नववी नव्वद मिनिटं. मोकळ्या वेळेसाठी शाळेनेच आठवड्याचे पाच दिवस, रोज किमान दोन तास मुलांना सांभाळायचं. चित्रकला, खेळ, संगीत यांना ही बंदी नव्हती.

कारण निव्वळ मुलांची दया नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात तीन मुलांना परवानगी दिली होती, आणि क्लासच्या खर्चाकडे बघून लोक एकावरच थांबत होते. डोळ्यांचाही प्रश्न होता : २०१८ च्या सरकारी पाहणीत मुला-किशोरांत जवळची दृष्टी असलेल्यांचं, म्हणजे लांबचं धूसर दिसणाऱ्यांचं प्रमाण ५३.६ टक्के निघालं. १९६३ पासून तिथे शाळेत रोज डोळ्यांभोवती बोटांनी दाबायचा व्यायाम घेतात. त्याने आकडा काही खाली आलेला नाही. उपाय म्हणून आता दिवसाला दोन तास उघड्यावर खेळायला सांगतात, कारण लहान वयात दिवसाचा उजेड कमी मिळाला की बुबुळापासून पडद्यापर्यंतची डोळ्याची लांबी वाढत जाते.

मोठ्या कंपन्या कोसळल्या. एका बड्या क्लास-कंपनीने शेतमाल ऑनलाइन विकायला घेतला. तिचे मास्तर मक्याची कणसं विकता विकता इंग्रजी शब्द शिकवायचे आणि लोक त्यासाठीच बघायचे. पण मागणी गेली नाही, कारण नववीनंतरची गाळणी तशीच राहिली. शिकवणी घरात शिरली. ‘घरकामाला बाई’ म्हणून ठेवलेली व्यक्ती गणित शिकवू लागली आणि तासाचा भाव वाढला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचं भागलं. चाळीस मुलांच्या स्वस्त वर्गात जाणारा बाहेर पडला.

आपल्याकडे जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. त्या सूचना आहेत. अंमल राज्यांनी करायचा आहे. तुमचे वर्ग नेमके त्याच वयाचे, तेव्हा त्या मुळातून वाचून ठेवा.

शाळेजवळ घर घ्यावं म्हणून आम्ही जास्त कर्ज काढायच्या विचारात आहोत. चीनमध्येही असं करतात म्हणे?
— एक जोडपं, वर्तकनगर, ठाणे

करतात, आणि त्याला दाखला थेट मेन्शियसच्या, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या प्राचीन विचारवंताच्या, आईचा देतात. ती स्मशानाजवळ राहत होती, तर मुलगा तिरडीचे खेळ खेळायला लागला. बाजाराजवळ गेली, तर भाव करायला लागला. शेवटी शाळेजवळ बिऱ्हाड केलं. तिसरं बिऱ्हाड भाड्याचं होतं की नाही ते कथेत येत नाही.

बीजिंगमध्ये नामांकित प्राथमिक शाळेच्या हद्दीतली मोडकळीला आलेली दहा-बारा चौरस मीटरची खोलीही प्रचंड भावाने जायची, कारण पत्त्यावर प्रवेश मिळायचा. मग शीछंग भागाने २०२० मध्ये जाहीर केलं की ३१ जुलैनंतर घर घेणाऱ्याला ठरावीक शाळेची खात्री नाही. आसपासच्या अनेक शाळांतून वाटप होईल. कर्ज तेवढंच राहिलं, शाळा हातची गेली. तुम्ही ज्या शाळेसाठी घर बघताय तिथे अंतराला खरंच गुण आहेत का, ते शाळेकडून लेखी मागा. आपल्याकडे अंतराची अट आरटीईच्या २५ टक्के जागांना कामाची, बाकी खाजगी शाळा स्वतःचे निकष लावतात.

उरणच्या बंदरातून येणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचं माझं काम आहे, म्हणून चिनी शिकायचं मनात आहे. मुलं एवढी अक्षरं कशी शिकतात? सगळी घोकंपट्टीच ना?
— नेरूळ, नवी मुंबई

घोकंपट्टी आहेच, पण तिला आतून सांगाडा आहे. अभ्यासक्रमाप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत १६०० अक्षरं ओळखायची आणि ८०० लिहायची. सहावीअखेर ३००० ओळखायची, २५०० लिहायची. पहिलीत आधी पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत उच्चार, शिकवतात. ही पद्धत १९५८ मध्ये मंजूर झाली.

बहुसंख्य अक्षरांत दोन तुकडे असतात, एक उच्चार सुचवणारा, एक अर्थ सुचवणारा. ‘छिंग’ या उच्चाराच्या तुकड्याला पाण्याची खूण जोडली की ‘निर्मळ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’, बोलण्याची जोडली की ‘विनंती’, मनाची जोडली की ‘भावना’. सुरुवातीची दोन-तीनशे अक्षरं सुटी सुटी पाठ करावी लागतात, पुढे हे तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात आणि वेग वाढतो.

तुम्ही चौकटीची वही घ्या, प्रत्येक चौकटीत आडवी-उभी तुटक रेघ असलेली. रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा : वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी मग उभी, बाहेरचं आधी मग आतलं, पेटीचं तळ शेवटी. क्रम चुकला तर अक्षर वेडंवाकडं येतं आणि मोबाइलवर बोटाने लिहून शोधताना सापडत नाही. रोज पाच नवी अक्षरं पुरेत. एक अक्षर सलग पन्नास वेळा लिहू नका. दहाव्यानंतर हात चालतो आणि डोकं घरी जातं. आज सहा वेळा, उद्या न बघता एकदा, तिसऱ्या दिवशी एकदा, आठव्या दिवशी एकदा. चिनी शाळेत श्रुतलेखन रोजचं असतं ते याचसाठी. आणि प्रत्येक शब्दासोबत सूर, म्हणजे उच्चारातला चढ-उतार, पाठ करा. चार सूर सोडून शिकलेला शब्द नंतर दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो. मराठी माणूस इथेच सगळ्यात जास्त घसरतो. एचएसके या परकीयांसाठीच्या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहा पातळ्यांत पहिलीला १५० आणि तिसरीला ६०० शब्द होते. मालाच्या याद्या, वजनं, तारखा वाचायला तेवढा साठा सुरुवातीला कामाचा.

घोकण्याबद्दल त्यांच्याकडेच दोन मतं आहेत. ‘पुस्तक शंभरदा वाच, अर्थ आपणच उलगडेल’ ही एक म्हण. आणि कन्फ्यूशियसचं वचन : विचाराविना शिकणं वाया, शिकण्याविना विचार धोक्याचा. केस तुळईला बांधून डुलकी टाळणारा सून चिंग, पेंग आली की मांडीत आरी खुपसणारा सू छिन, भिंतीला भोक पाडून शेजारच्या दिव्यात वाचणारा ख्वांग हंग, या गोष्टी तिथल्या मुलांना आपल्या रस्त्यावरच्या दिव्याखालच्या अभ्यासासारख्या ऐकवतात. आरीची गोष्ट सोडून दिलेली बरी.

या सगळ्यात मुली कुठे होत्या?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ऐरोली

बहुतेक काळ बाहेर. ‘विद्या नसणं हाच बाईचा गुण’ अशी म्हण होती. अपवाद होते : पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या बान चाओने भावाचा अपुरा राहिलेला हान घराण्याचा इतिहास पुरा केला आणि राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवलं. गंमत म्हणजे स्त्रियांनी नमून राहावं असा उपदेशही तिनेच लिहून ठेवला. हुनानच्या च्यांगयोंग भागात बायकांनी स्वतःची लिपी चालवली, ‘न्यूशू’. ती उच्चारावर चालायची आणि पुरुषांना सहसा वाचता येत नसे. लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी या लिपीतलं पुस्तक पाठवायची रीत होती. मागची पानं कोरी, तिने लिहावं म्हणून. लहानपणापासून ती लिपी वापरत आलेली शेवटची स्त्री यांग ह्वानयी २००४ मध्ये गेली.

भिडे वाड्यातली शाळा १८४८ ची. छिंग दरबाराने मुलींच्या शाळांचे नियम काढले ते १९०७ मध्ये, आणि बीजिंग विद्यापीठात मुली आल्या १९२० मध्ये. आज उच्च शिक्षणात त्या निम्म्या आहेत. पोलीस आणि सैनिकी अभ्यासक्रमांत मात्र मुलींच्या जागा वेगळ्या आणि मोजक्या असतात, त्यामुळे तिथे मुलींची गुणांची रेषा मुलांपेक्षा वर लागते.